न मांडलेला मुद्दा

देवळाच्या दारावर कुणीतरी पत्र लावलंय हे सांगायला हरिनाथ धावत अंगणात आला, तेव्हा आबा त्याच्याकडे पाठ करून एका मुलाला पाठ देत बसले होते. हरिनाथने "आचार्य" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. मी ओसरीवरून उतरले आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि मागे वळून हरिनाथला म्हणाले, "धावत कशाला आलास? बस. दम घे आणि माझ्याकडे तोंड करून नीट सांग."

हरिनाथ त्यांच्या विद्यार्थ्यांतला सगळ्यांत जाणता. त्याने समोर बसून सांगितलं. तेलंगणातल्या पेद्दपाडू नावाच्या गावचे यज्ञेश्वर सोमयाजी नावाचे मीमांसक आले आहेत. मोठमोठ्या सभा जिंकत ते उत्तरेला निघाले आहेत. त्यांचा शिष्य मल्लय याने वादाचं आव्हान दारावर लावलंय आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय की गंगेपर्यंतच्या सगळ्या सभा जिंकल्याशिवाय दाढी-मिशा उतरवणार नाही असं आमच्या गुरूंचं व्रत आहे.

"विषय?" आबांनी विचारलं.

"शब्द नित्य की अनित्य."

आबा हसले. उभा जन्म त्यांनी तोच विषय शिकवला होता.

देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं धारेश्वर म्हणजे गोदावरीच्या काठचं लहानसं गाव, पण तिथे न्यायशास्त्राची पाठशाळा होती आणि माझे वडील केदारभट तिच्या आसनावर होते. प्रांताच्या नायकाने पाठशाळेला एका गावचं उत्पन्न लावून दिलं होतं. त्यावर लांबलांबून आलेली मुलं जेवत आणि शिकत. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आई गेल्यावर घर माझ्याकडे आलं. आबांचे पाठ कानावर पडून पडून मला संस्कृत कळू लागलं होतं, आणि मी काही विचारलं तर आबा सांगत. एवढंच माझं शिक्षण.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, पण कान गेले. हे फक्त मला माहीत होतं. पहिल्यांदा कळलं ते त्यांच्या पाठीमागे माझ्या हातून पाण्याची घागर पडून फुटली तेव्हा. ते लिहीत होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही. त्यानंतर त्यांनी ओठांवरून बोलणं ओळखायची सवय केली. विद्यार्थ्यांना एकेकाला समोर बसवून शिकवायला लागले, सगळ्यांना मिशा काढायला लावल्या. मुलांना वाटलं, आचार्य म्हातारपणी कडक झाले.

हरिनाथ गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "आबा, नाही म्हणून कळवा. प्रकृतीचं कारण सांगा."

"नायक विचारेल, प्रकृतीला काय झालंय."

"सभेतला नियम मी का तुम्हाला सांगायला हवा? समोरच्याचं वाक्य आधी त्याच्याच शब्दांत म्हणून दाखवावं लागतं. ते चुकलं की तिथेच हरलात."

"म्हणून तर सभेची मला भीती वाटत नाही," ते म्हणाले. "सभेत माणूस समोर बसतो, सावकाश बोलतो आणि विषय सोडून बोलत नाही. त्याच्यापेक्षा बाजारात जाताना जास्त भीती वाटते."

त्यांनी होकार कळवला. पैज अशी ठरली की जो हरेल त्याने आपलं आसन सोडायचं आणि जिंकणाऱ्याकडे शिष्य म्हणून बसायचं. आबा हरले तर पाठशाळा सोमयाजींची होणार होती. सोमयाजींना आसन नव्हतं. ते हरले तर त्यांचा प्रवास तिथेच संपणार होता. मध्यस्थ म्हणून शेजारच्या गावचे नृसिंह उपाध्ये आले. ते कडक माणूस होते, आणि आबांचे जुने स्नेही असूनही त्यांनी आमच्याकडे उतरायला नकार दिला.

वादाच्या आदल्या दिवशी दुपारी सोमयाजी स्वतः आबांना भेटायला आले. तशी रीतच होती. उंच, हाडकुळा, पाय सुजलेला माणूस. आणि दाढी-मिशा अशा वाढलेल्या की तोंड कुठे आहे ते नुसतं अदमासाने समजावं.

मी पाणी आणि ताक घेऊन गेले. सोमयाजी म्हणाले, "चालून चालून पाय सुजलेत. घाटावर उतरायला सोपी वाट कुठली?"

आबा त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. ते म्हणाले, "सूर्य उगवल्यावर. मध्यस्थांनाही ती वेळ मान्य आहे."

मी घाईने म्हटलं, "आबांच्या मनात सभाच घोळतेय. घाटाला पिंपळाच्या डाव्या अंगाने जा, तिकडच्या पायऱ्या रुंद आहेत."

सोमयाजींनी माझ्याकडे पाहिलं. ताकाचं भांडं तोंडाजवळ धरून, अगदी सहज विचारल्यासारखं ते म्हणाले, "आपल्याला मुलगे किती?"

"हो, अवश्य," आबा म्हणाले.

त्यानंतर सोमयाजींनी काही विचारलं नाही. आबाच बोलत राहिले. गावाविषयी, देवळाविषयी, यंदाच्या पिकाविषयी. बोलताना त्यांची नजर त्या दाढीवरून हलत नव्हती. सोमयाजी ऐकत होते, मान डोलवत होते. निघताना त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. वादाआधी प्रतिपक्षाला कुणी एवढं वाकत नाही.

ते गेल्यावर आबांनी ताकाची भांडी बाजूला सारली. मग म्हणाले, "पोमा, त्याचे ओठ दिसत नाहीत."

"मग आता?"

"उद्या जाईन. जेवढं अदमासाने कळेल तेवढं म्हणेन."

"सगळ्यांसमोर हसं होईल, आबा. त्यापेक्षा उपाध्यांना आजच खरं सांगा."

"सांगितलं तर आसन आजच जाईल. मुलं उद्यापासून कुठे जेवतील? हरलो तर निदान पाठशाळा राहील. दुसऱ्या शास्त्राची का होईना."

मला ते ऐकवेना. संध्याकाळी घागर घेऊन मी घाटावर गेले. सोमयाजी संध्या आटोपून एकटेच पायरीवर बसले होते. मल्लय आणि बाकीचे शिष्य वर धर्मशाळेत होते. मी घागर ठेवली आणि हात जोडून म्हटलं, "महाराज, आमच्या आबांविषयी एक सांगायचं होतं."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचं मराठी तोडकं होतं, पण स्पष्ट होतं. "मुली, उद्या वाद आहे. प्रतिपक्षाच्या घरातलं मी आज काही ऐकू नये. तू सांगितलंस तर मला उद्या तिथे बसता येणार नाही."

मी घागर उचलायला वाकले. मग त्यांनीच विचारलं, "तुझ्या वडिलांना डोळ्यांनी चांगलं दिसतं ना?"

"दिसतं."

"लांबचं?"

"लांबचंही दिसतं."

त्यांनी मान हलवली आणि नदीकडे तोंड फिरवलं. मी घागर भरून परत आले. आबांना यातलं काही बोलले नाही.

सकाळी देवळाचा मंडप भरला होता. नायकाचा कारभारी आला होता, आजूबाजूच्या गावांतले शास्त्री आले होते. बायकांची जागा आबांच्या पाठीमागे, खांबाच्या आडोशाला होती. तिथून मला आबांची पाठ दिसत होती आणि समोर रिकामं आसन. मध्ये नृसिंह उपाध्ये, त्यांच्यापुढे जयपत्रासाठी कोरं ताडपत्र.

सोमयाजी आले आणि मंडपात कुजबुज सुरू झाली. त्यांच्या चेहऱ्यावर एक केस नव्हता. दाढी नाही, मिशी नाही, नुकत्याच केलेल्या क्षौराची हिरवट कातडी. दाढीखाली ऊन न लागलेला भाग गोरा होता, त्यामुळे तोंडच आधी नजरेत भरत होतं. पाठोपाठ मल्लय आला, त्याचे डोळे रडून लाल झालेले. कुणी म्हणालं, घरी सुतक आलं असेल. माझ्या शेजारची बाई म्हणाली, व्रत मोडलं म्हणजे काहीतरी पाप घडलं असेल, प्रायश्चित्त घेतलंय. उपाध्यांनी विचारलं, काही अशुभ घडलं आहे का, वाद पुढे ढकलायचा का. सोमयाजी म्हणाले, "काही घडलेलं नाही. सुरू करू या." आणि त्यांनी आपलं आसन उचलून जिथे मंडपात ऊन येत होतं तिथे सरकवलं.

आबांच्या पाठीचा ताठरपणा गेलेला मला मागून दिसला.

वाद सुरू झाला. सोमयाजींचा पक्ष असा की शब्द कधी जन्मत नाही आणि मरत नाही. आपण बोलतो तेव्हा तो फक्त प्रकट होतो. तुम्ही 'गाय' म्हणता, मी 'गाय' म्हणतो, उद्या आणखी कुणी म्हणेल, आणि आपण सगळे म्हणतो की हा तोच शब्द. तोच म्हणून ओळखायला तो आधीपासून असावा लागतो. आबांनी त्यांचं वाक्य एकही अक्षर न सोडता म्हणून दाखवलं. उपाध्यांनी ते बरोबर असल्याचं सांगितलं. मग आबांनी उत्तर दिलं. कालचा दिवा विझला, आज दुसरा लावला, आपण म्हणतो तोच उजेड. तो तोच असतो का? सारखा असतो. शब्द म्हणजे ध्वनी. तो गळ्यातून निघतो, कानावर पडतो आणि संपतो. नंतरचा त्याच्यासारखा असतो.

सोमयाजी सावकाश बोलत होते. एकदाही त्यांनी मान खाली घातली नाही, एकदाही तोंडापुढे हात नेला नाही. आबा त्यांचं प्रत्येक वाक्य परत म्हणत आणि मग ते खोडून काढत. इतके चांगले बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुपार होईपर्यंत मंडपातले शास्त्री माना डोलवू लागले. सोमयाजी एकेक आधार मांडत आणि आबा तो एकेक काढून घेत. ऊन सरकलं तसं सोमयाजींनी आसनही सरकवलं. लोकांना वाटलं, त्यांना थंडी वाजतेय.

शेवटी ते बोलायचे थांबले. उपाध्यांनी विचारलं, "सोमयाजी, आणखी काही म्हणायचं आहे?"

सोमयाजींनी आबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक मुद्दा आहे. पण तो मी मांडणार नाही."

मल्लय उठून उभा राहिला. उपाध्यांनी त्याला खाली बसायला लावलं आणि सोमयाजींना समजावलं की न मांडलेल्या मुद्द्याला सभेत किंमत नाही. उत्तर असून दिलं नाही तरी ते मौनच, आणि मौन म्हणजे हार. सोमयाजी म्हणाले, मला नियम ठाऊक आहे. उपाध्यांनी ताडपत्र पुढे ओढलं. माझ्या शेजारच्या बायका माझा हात धरून हसायला लागल्या. जयपत्र आबांचं होणार होतं.

आबांनी हात वर केला. "थांबा," ते म्हणाले. "सोमयाजी, तो मुद्दा माझ्याविषयी आहे?"

सोमयाजींनी मान वळवली.

"काल तुम्हाला दाढी होती."

"होती," सोमयाजी म्हणाले.

आबा त्या उघड्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग उठून उभे राहिले, उपाध्यांकडे वळले आणि म्हणाले, "यांचा मुद्दा मी मांडतो. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी ओठ बघून बोलणं ओळखतो."

मंडपात एकदम गलका झाला. कारभारी उभा राहून काहीतरी विचारत होता, शास्त्री एकमेकांशी बोलत होते. आबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, म्हणून ते थांबलेही नाहीत. त्यांचं बोलणं ऐकायला शेवटी लोकांनाच गप्प व्हावं लागलं.

"सकाळपासून सोमयाजींच्या गळ्यातून निघालेला एकही ध्वनी माझ्या कानावर पडलेला नाही. तरी त्यांचं प्रत्येक वाक्य मी परत म्हटलं, आणि ते बरोबर आहे असं मध्यस्थांनी सांगितलं. मी म्हणतो शब्द म्हणजे ध्वनी. तो निघाला, पण माझ्यापर्यंत आला नाही. मग माझ्यापर्यंत काय आलं?"

उपाध्ये पुढे झुकले. आता तेही तोंड नीट हलवून बोलले. "केदारभट, पूर्वी ऐकलेलं तुम्हाला आठवलं. आठवणीने भरून काढलंत."

"मीही बसल्या बसल्या तेच उत्तर धरून पाहिलं. पण यांच्या गावाचं नाव पेद्दपाडू. हा शब्द मी कानांनी कधी ऐकलेला नाही. त्या दिवशी हरिनाथच्या ओठांवर पहिल्यांदा पाहिला, आणि तो मला पुरता कळला. न ऐकलेलं मला आठवेल कसं?" त्यांनी मंडपभर नजर फिरवली. "याला उत्तर असेल. कुणाकडे तरी असेल. आज माझ्याकडे नाही."

आणि ते खाली बसले.

उपाध्यांच्या हातात लेखणी तशीच राहिली. जयपत्र कुणाच्या नावे लिहायचं यावर बराच वेळ गेला. सोमयाजी म्हणाले, मुद्दा मी मांडलेला नाही, मला पत्र घेता येणार नाही. आबा म्हणाले, मांडला मी आणि उत्तरही मलाच देता आलं नाही, मी कसं घेऊ. इतकी वर्षं मध्यस्थी करूनही असा प्रसंग उपाध्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ताडपत्र कोरंच गुंडाळून ठेवलं.

कारभाऱ्याला मात्र उत्तर हवं होतं. पाठशाळा कुणाकडे राहणार ते त्याला नायकाला सांगायचं होतं. आबांनीच सांगितलं. "सोमयाजींकडे. मी पाठ देऊ नयेत. मुलं काय म्हणतात ते मला दिसतं, कसं म्हणतात ते कळत नाही. दोन वर्षांत यांचे उच्चार बिघडले असतील तर मला ते ठाऊकसुद्धा नाही."

हरिनाथ सगळ्यांसमोर रडला. आबांनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्नान करून, हातात समिधा घेऊन, शिष्य जातो तसे धर्मशाळेत गेले. मी त्यांच्याबरोबर होते. मल्लय आणि बाकीचे शिष्य पहाटेच उत्तरेला निघून गेले होते. व्रत मोडलेल्या गुरूबरोबर गंगेपर्यंत जाण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. सोमयाजी एकटेच वळकटीवर बसले होते. एकदोनदा त्यांचा हात हनुवटीकडे गेला आणि रिकामा खाली आला.

त्यांनी समिधा घेतल्या, पण आबांना पायाशी बसू दिलं नाही, समोर बसवलं. आबांनी विचारलं, "तुम्हाला परवाच कळलं होतं. दाढी तशीच ठेवून आला असतात तर पहिल्याच वाक्याला जिंकला असतात."

सोमयाजींनी समिधा बाजूला ठेवल्या. "पेद्दपाडूहून निघाल्यापासून किती सभांत बसलो. लोक माझं वाक्य म्हणून दाखवायचे, एक अक्षर चुकायचं नाही. पण मी बोलत असताना त्यांचं लक्ष त्यांच्या उत्तराकडे असायचं. ते मला दिसायचं. परवा तुमच्या घरी तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. तुम्हाला काही कळत नव्हतं, तरी बघत होतात. इतकं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला वाटलं, मी काय म्हणतो ते या माणसाला कळलं पाहिजे."

 आबांनी उपरण्याने डोळे पुसले, मग चटकन उपरणं बाजूला केलं, कारण तेवढ्यात सोमयाजी आणखी काही बोलतील तर ते हुकेल.

"मग तो मुद्दा का नाही मांडलात?" मी विचारलं. शिष्याच्या मुलीने बोलू नये, पण मी बोलले.

"त्यांचं दुखणं सभेत काढून मला जिंकायचं नव्हतं," सोमयाजी म्हणाले. "आणि तुझ्या वडिलांना मी ओळखलं नव्हतं. ते स्वतःच काढतील असं वाटलं नव्हतं."

नायकाने पाठशाळेचं उत्पन्न चालू ठेवलं. सोमयाजी आसनावर बसले आणि पुन्हा कुठल्या सभेला गेले नाहीत. सकाळी ते मुलांचे पाठ ऐकत. आबांना भीती होती तितके उच्चार बिघडले नव्हते, हरिनाथचे तर मुळीच नाहीत. दुपारी पाठशाळेच्या ओट्यावर दोघं समोरासमोर बसत. आबा शिष्य म्हणून मीमांसा शिकत आणि गुरूशी नैयायिकासारखे भांडत. पेद्दपाडूच्या मुद्द्याला त्यांनी पुढे एक उत्तर शोधलं. आख्खा शब्द नवा असेल, पण त्यातली अक्षरं मी पूर्वी ऐकलेली होती, ती जोडून शब्द झाला, असं. सोमयाजींनी ते महिनाभर घोळवलं आणि खोडून काढलं. आबांनी दुसरं शोधलं. हे आबा जाईपर्यंत चाललं, आणि त्यातलं शेवटचं उत्तर बरोबर होतं की नाही ते मला सांगता येणार नाही. सोमयाजी त्यावर अजून विचार करतो म्हणाले होते.

वाद रंगला की आबांचा आवाज फार चढायचा, आणि तो चढलाय हे त्यांना कळायचं नाही. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका मला विचारायच्या, पोमाइसे, रोज कसली गं भांडणं चालतात तुमच्याकडे? मला लाज वाटायची. एकदा मी सोमयाजींना म्हटलं, तुम्ही समोरच असता, आबांना जरा हळू बोला म्हणून सांगत जा. ते म्हणाले, सांगीन.

त्यांनी ते कधी सांगितलं नाही.